कपाटाचा सिग्नल

बॉम्बे हायच्या समुद्रात क्रेनच्या जहाजावरून तेलविहिरींचे शेकडो टनांचे पोलादी सांगाडे अलगद टेकवणारा हरेश्वर सुट्टीत नायगावला आला, तो लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायला. लिफ्ट होती, पण ती बिल्डरच्या जाहिरातीत.

जिन्याच्या वळणावर कपाट अडलं आणि अख्खी बिल्डिंग तज्ज्ञ झाली. “डावीकडे घ्या!” “तिरकं करा!” “आमच्या पुतण्याने फ्रीज असाच नेला!”

हरेश्वरचं डोकं फिरलं. “जहाजावर सिग्नल एकच माणूस देतो! तो सांगेल तेव्हाच माल हलतो, बाकीच्यांची तोंडं बंद! इथेही आता तसंच.”

मान म्हणून त्याने सोसायटीचे सेक्रेटरी सामंत यांना नेमलं. सामंत वरच्या पायरीवर छाती फुगवून उभे राहिले. “उचला!” म्हणाले, हरेश्वरने आणि चौघा शेजाऱ्यांनी उचललं. “थांबा!” म्हणाले, सगळे थांबले. तेवढ्यात वरून सामंतबाईंची हाक आली, “अहो, चहा निवतोय!” आणि सामंत निघून गेले.

कपाटाखाली वाकलेला हरेश्वर ओरडला, “अरे, हलवा की!”

“सिग्नल कुठाय?” चौघांनी विचारलं.

सोसायटी झाल्यापासून लोकांनी पाळलेला हा पहिलाच नियम होता.