हळदीकुंकू लागलेली बॅट

मी एक जुनी क्रिकेटची बॅट आहे. सध्या मुक्काम पोलिसांच्या कागदी पिशवीत, वर नंबराची चिठ्ठी. मित्रांनो, माझ्या अंगावर चेंडूचे लाल ठसे किती, ते आजवर कोणी मोजलं नाही. माणसाला बसलेले फटके मात्र अख्ख्या ज्युरीने मोजले. दोन.

सुधाकर शिकायला न्यूझीलंडला आला, तेव्हा त्याने मला घेतलं. ऑकलंडमधल्या अल्बनीच्या मैदानावर मी त्याला एकदा त्रेचाळीस धावा करून दिल्या. सांगताना त्याने त्यांच्या साठ केल्या. पुढे त्याच शहरातल्या ओटाहुहु उपनगरात त्याने डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, चालवायला घेतली. गुडघे कुरकुरू लागले, पोट पुढे आलं आणि मी काउंटरखाली गेले, झाडूशेजारी.

दोन हजार सतरा साली आसपासच्या डेअऱ्या लुटल्या जात होत्या. खंडेनवमीला सुधाकरच्या बायकोने, मृणालिनीने, लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि सुरीच्या ओळीत मलाही मांडलं. हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल.

"हिला कशाला? ही काय शस्त्र आहे?" सुधाकर हसला.

"आता आहे," ती म्हणाली. फोटो काढून तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'आमचं शस्त्र. येऊ दे पहिलं गिऱ्हाईक!' छप्पन्न अंगठे आले. त्रेचाळीस धावांना चारच आले होते.

गिऱ्हाईक अकरा दिवसांनी आलं, भर दुपारी. तोंडाला फडकं, हातात हातोडा.

"किआ ओरा," सुधाकरने सवयीने तिथला माओरी नमस्कार केला.

"सिगारेट्स, ब्रो! सगळ्या!"

हातोड्याने काउंटरची काच फोडली. पुन्हा उचलला तो काउंटरमागे उभ्या मृणालिनीच्या डोक्यावर.

सुधाकरने मला उपसलं. पहिला फटका मनगटावर. हाड मोडल्याचं मला दांड्यापर्यंत कळलं. हातोडा पडला. माणूस वळून दाराकडे पळाला. दुसरा फटका मागून, गुडघ्यावर. तो तोंडावर आपटला. फरशीवर दात सांडले, माझ्या हळदीवर रक्त उडालं.

खटला सुधाकरवरही झाला. "पहिला फटका बचावाचा," त्याच्या वकील प्रमोदिनीताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या वेळी हातोडा खाली पडला होता आणि त्याची पाठ तुमच्याकडे होती. इजा करण्याच्या हेतूने केलेली इजा. पाच वर्षांपर्यंत तुरुंग."

"बॅट सहज हाताशी होती, असं सांगू," सुधाकर म्हणाला.

"आणि फोटो?"

फोटो ग्रुपमधल्याच कोणीतरी अभिमानाने जगभर पाठवला होता. कोर्टात तो पडद्यावर आला, खालची ओळ भाषांतर करून वाचली गेली. मला ज्युरीपुढे फिरवलं. एकाने नकळत स्टान्स घेतला आणि शेजारणीने डोळे वटारताच मला खाली ठेवलं.

मंडळींनी मृणालिनीला पढवलं होतं, "एकच फटका म्हण गं. तुझा नवरा आत जाईल!" तिने माझ्याकडे पाहिलं.

"दोन," ती म्हणाली. "तो पळत होता. मीच ओरडले, 'सोडू नकोस त्याला!' फोटो माझा, ओळही माझी."

ते ओरडणं मीही ऐकलं होतं. पण पिशवीतल्या बॅटीला कोण विचारतं?

सुधाकर दोषी ठरला. तिच्या खरेपणामुळे म्हणा, की पहिल्या फटक्याआधीच्या हातोड्यामुळे, तुरुंग टळला. घोट्याला पाळतीचा इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून तो नऊ महिने घरातच कैद आहे. हातोडेवाला तुरुंगात आहे आणि लंगडतो. मला नष्ट करायचा हुकूम झाला आहे.

मित्रांनो, नवमीला घरातली बॅट खुशाल पुजा. पण दुसऱ्या दिवशी तिला मैदानावर न्या आणि एक तरी चेंडू दाखवा. आणि कधी तिला माणसावर उचलायची वेळ आलीच, तर पहिल्या फटक्यानंतर थांबा. मला थांबता येत नाही. ते उचलणाऱ्यानेच करायचं असतं. आणि मागे उभं असणाऱ्यानेही.