पेलिकनला दिलेले बांगडे

बांगड्याच्या डोळ्यावर मिठाचा एक खडा अडकून बसला होता, आणि रूपेश मघापासून त्याच्याकडेच बघत होता — पडेल, आता पडेल... आईने चिरलेल्या पोटात मूठभर मीठ दाबलं, मासा टोपलीत रचला आणि दुसरा घेतला. मिरकरवाड्याच्या या पडवीत त्याची आई, मालन, चाळीस वर्षं बांगडे खारवत होती. मुलगा बोटीवर कुक म्हणून लागल्यापासून दर खेपेला त्याच्या बॅगेत कागदात गुंडाळलेले दहा-बारा तरी असायचेच. त्या खेपेलाही होते.

त्या खेपेला — परक्या मुलखात लढाई पेटली आणि बोट तीन आठवडे धक्क्यालाच अडकली. बंदरामागे गावातलं प्राणिसंग्रहालय होतं, लहानसंच. रोज अकराला तिथली एक म्हातारी फाटक उघडायची, तासभर. आदल्या दिवशी गावात काहीही कोसळलेलं असो, अकराला पोरं हजर... तिथल्या पेलिकनने चोचीखालच्या झोळीत मासा झेलला की अशी ओरडायची, अशी ओरडायची — अरे, तळघरातून उठून आलेली पोरं ती! रूपेश कठड्याला टेकून त्यांच्याकडेच बघत राहायचा. इकडे घरी त्याची मुलगी वेदिका तेव्हा चार वर्षांची होती.

मग त्या म्हातारीकडचे मासे संपले. ती धक्क्यावर आली, हाताने झोळीची खूण केली. बोटीचा फ्रीजर केव्हाच रिकामा झालेला. आणि — रूपेशच्या मनात अजून तेच चालायचं — मला, मला शहाण्याला, आठवले आईचे बांगडे. किती आनंदाने दिले मी! माझे दोन्ही हात धरून रडली ती. आमच्याकडे खारा मासा दोन पाण्यांत भिजत घालायचा हे कुणाला सांगावं लागत नाही, पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं... म्हणून मी सांगितलं नाही. भाषा येत नव्हती ही सबब खोटी. बादली तर दाखवता आली असती! त्याच संध्याकाळी बोट सुटली, आणि दुसऱ्या दिवशी भर समुद्रात डाळीत मीठ घालताना माझा हात जागीच थांबला: न भिजवलेले बांगडे, एवढं मीठ त्या पक्ष्याच्या पोटात!

पक्षी मेला असेल? की म्हातारीने एखादा चाटून पाहिला असेल... पाहिलाच असेल, इतकी का ती खुळी होती? पण नसेल पाहिला तर — तर दुसऱ्या दिवशी अकराला पोरं आलीच असणार.

दोन वर्षं झाली. वेदिकाला पेलिकनची गोष्ट रोज लागते, आणि रूपेश ती रोज सांगतो, बांगडे गाळून.

"नुसता बघत काय बसलास रे मेल्या? हात लाव की," मालन म्हणाली.

तेवढ्यात वेदिका शाळेतून आली, दप्तर फेकलं. "पप्पा, शनिवारी तू वर्गात येऊन पेलिकनची गोष्ट सांगायची, बाईंनी सांगितलंय. पण ती सानिका म्हणते, तो लढाईत मेला असणार. नाही ना मेला?"

"नाही."

"मग त्याला मासे कोण द्यायचं?"

"म्हातारी."

"आणि तिच्याकडचे संपले तर?"

सांगून टाकावं, एकदाचं... "मी दिले," तो म्हणाला. "आजीचे खारे बांगडे."

पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण पोरगी टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "आजी, ऐकलंस? आपल्या बांगड्यांवर जगला तो!"

मालनचा हात थांबला. तिचं तोंड असं उजळलं की रूपेशला तिच्याकडे बघवेना. "माझ्या हातचे? आणि इतक्या दिवसांत बोलला नाहीस तो!" पुन्हा मिठात हात घालताना तिने सहज विचारलं, "भिजवून दिलेस ना रे? मुका जीव तो."

"हो," रूपेश म्हणाला.

किती पटकन आला तो शब्द! आजवर त्याला वाटायचं, आपण पोरीसाठी गप्प आहोत, तिचा पक्षी जगावा म्हणून. पण आत्ता तर पोरीने विचारलंच नव्हतं, आईने विचारलं होतं. त्याला स्वतःची भीती वाटली, अगदी साधी. वेदिका शनिवारी काय काय सांगायचं ते बोटांवर मोजून दाखवत होती, आणि तो प्रत्येक बोटाला मान हलवत होता.