तवशाचं बी आणि माझं भोक

मित्रांनो, मी एक जुना, विटका कापडाचा तुकडा आहे. माझ्या मधोमध रुपयाएवढं भोक आहे. तरी वैशाखरे गावात सावळीच्या घरी मला कुणी पोतेऱ्याला घेत नाही. त्याचं कारण सांगतो.

मी सावळीच्या आईच्या लुगड्याचा पदर. लुगडं विरलं, मी उरलो. दरवर्षी पावसाच्या तोंडावर सावळी मला भिजवून तवशाचं, म्हणजे मोठ्या पावसाळी काकडीचं, बी माझ्यात बांधते. कोंब फुटला की मगच ते मातीत जातं. पण गाठीच्या अंधारात त्या एवढ्याशा बियेला खाली कुठे नि वर कुठे, हे सांगतं कोण? इतकी वर्षं झाली, मला अजून उलगडलेलं नाही.

यंदा सावळीचा पाय मोडला, ती मुरबाडला दवाखान्यात होती. माहेरचं बी उंदरांनी खाल्लेलं, उरल्या होत्या नऊ बिया. त्या गेल्या की तिच्या आईचं तवसं कायमचं संपणार होतं. काम आलं सुनेकडे, रविनाकडे.

रविना माझ्याहून चौकस! मला चुलीवर टांगायची आणि घडोघडी गाठ सोडून बघायची. मी वाळून पापड झालो. मग घाबरून तिनं मला दिवसभर पाण्यात बुडवलं. पाच बिया कुजल्या.

तिनं फोन लावला. "आई, चुलीवर टांगल्या, मंग पाण्यात बुडवल्या. पाच बिया मेल्या. माज्याच हातानं." खोटं बोलली असती तर कुणाला कळलं असतं? मला तिचा अभिमान वाटला.

"रडू नको गो," सावळी म्हणाली. "उरल्या त्या कमरेला बांध. चूल नाय, अंगाची ऊब पायजे. नि तीन दिस सोडू नको."

रविनानं मला कमरेला खोचलं. विहिरीवर, शेतावर, सगळीकडे मी सोबत. आता तिला गाठ सोडायची इतकी धास्ती, की पाचव्या दिवशी कुठे गाठ सुटली. तीन बिया तशाच होत्या. चौथीचं मूळ मात्र माझ्या धाग्यांत घुसून पार बाहेर आलं होतं.

"हळूच वढ," शेजारची वत्सला म्हणाली.

"नाय. मोडंल."

रविनानं कात्री आणली. मित्रांनो, दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या चकतीसकट ती बी मातीत गेली.

श्रावणात सावळी काठी टेकत घरी आली. तिला आधी भोकच दिसलं. "माज्या आयचं लुगडं कापलंस?"

रविना हात धरून तिला वेलाच्या मांडवाखाली घेऊन गेली. पहिलं तवसं लोंबत होतं. सावळीनं त्यावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

"ह्ये खायाचं नाय," ती म्हणाली. "बियाला ठेव."

मित्रांनो, कोंब अडकला तर ओढू नका, कापड कापा. माझ्या भोकाला सावळीनं ठिगळ लावलेलं नाही. पुढच्या साली रविना त्याच्या कडेला नव्या बियांची गाठ मारील.