निमकितसाठी लावलेली कडी

“आज कुणाचा नंबर?” मी विचारलं.

“हेडसरांचा,” म्हणत निमकित चुलीजवळच्या पाटावर बसली. सात वर्षांची पोर, पुढचे तीन दात पडलेले. उरलेल्यांवर तिने अख्खी दुसरी गाजवली होती. चावली की शिक्षा म्हणून तिला माझ्याकडे पाठवत.

चहामळ्याखालच्या या शाळेत मी डाळभात शिजवतो. मुलं मला बाजे म्हणतात, म्हणजे आजोबा. खोटं मी बोलत नाही. एकदा धुकं इतकं दाट पडलं की मी त्यावर सदरा वाळत घातला, याला माझी बायको साक्षीदार होती. ती आता नाही, त्याला माझा इलाज नाही. निमकितला त्या दिवशी मळ्यात पानं खुडायच्या कामाला लागलेल्या अस्वलाची गोष्ट चालू होती.

तेवढ्यात छिरिंग हेडसर मनगटाला रुमाल गुंडाळून दारात आले. “वाच म्हटलं तर चावली. बाजे, हिच्या आईला सांगा, आणखी एकदा झालं तर नाव कमी.” दुसरी शाळा दोन डोंगर पलीकडे. नाव कमी म्हणजे पोर घरीच.

पबित्रा मिस निमकितच्या वर्गाला शिकवायची. मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यायची, ते दहा दिवस दार्जिलिंगला शिकून आलेली. मळ्यातल्या बायकांनी ऐकलं, मिस डॉक्टरकी शिकली. दुसऱ्या दिवशी फाटकाशी रांग.

“काकी, मी मनाचं शिकलेय.”

“गुडघाही अगदी मनापासून दुखतो गं, मिस.”

आम्हाला वाटलं, निमकितला पुडी-बिडी देईल. पण ही दोन आठवडे नुसती वहीत लिहीत होती. काय, ते कळेना. डोकावलो तर वही मिटायची. हेडसरांना चावल्याच्या तिसऱ्या दिवशी मात्र तिने वही माझ्यापुढेच उघडली.

तीन रकाने. आधी काय झालं: वाचायची पाळी आली. तिने काय केलं: चावली. नंतर काय झालं: बाजे, गोष्ट. खाली तेच. त्याखालीही तेच.

“म्हणजे माझ्यापायी चावते?”

“मोठ्याने वाचायची भीती वाटते म्हणून चावते. आणि चावलं की तुम्ही मिळता. मी असते तर मीही चावले असते.”

माझ्या गोष्टींचं इतकं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं, आणि तेही अशा वेळी.

ठरलं असं: प्रार्थनेआधी मिस तिच्या एकटीकडून त्या दिवसाच्या धड्याच्या ओळी वाचून घेणार. गोष्ट रोज मधल्या सुट्टीत, चावो न चावो. तासाला माझं दार बंद.

“रडली तर?”

“तरी बंद. जमेल?”

“मी बिबट्यालासुद्धा ‘नाही’ म्हटलंय.”

“बिबट्याचं सोडा, बाजे.”

दुसऱ्या दिवशी वाचनाच्या तासाला पावलं वाजली. कुणाला न चावताच ती वर्गातून सटकली होती. मी आतून कडी लावली.

“बाजे, अस्वलाची हजेरी लागली का?”

उत्तर जिभेवर आलं होतं. “सुट्टीत सांगतो.”

“आत्ता.”

“सुट्टीत, बाळा.”

दाराखालच्या फटीत तिचे बूट दिसत होते, एकाची नाडी सुटलेली. ते हलेनात. डाळ उतू गेली, मीही हललो नाही. मग बूट वळले.

लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे, वर्गात, बाक सरकलं. जरा वेळाने कुणीतरी अक्षर लावत, अडखळत वाचू लागलं. बकरीचा धडा होता. बकरी ओढ्यापाशी आली, आणि आवाज थांबला.

मी पळी हातात धरून पुढच्या ओळीची वाट पाहत उभा राहिलो.