काळीच्या भेगा

१८६४चा कार्तिक. पार्बताबाईची मिरची फुलावर होती. या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकली तरी फुलं गळतात, आणि विधवा बाईच्या घराला आधार तेवढ्या मिरचीचाच होता. विहीर दोन घरांची: एक दिवस तिचा, एक दिवस तिच्या दिराचा, खुशालरावचा. मोटेचे बैल मात्र त्याचे. आज तिचा दिवस, आणि तो सकाळीच म्हणाला,

"वयनी, आज पाणी मले दे. पऱ्हाटी सुकून राहिली. अमरावतीत कापसाले काय भाव आहे, मालूम आहे ना?"

"गावात दुसरी गोष्टच नाई, भाऊजी. पण पाणी किती लागन, पायलं का?"

"पायलं ना! तुह्या मळ्यात एका मोटीत एक वाफा भिजते. तोच हिशेब. दुपारपर्यंत माह्यं होते, मंग मोट तुही."

"माह्या वाफ्यातली माती रोजच्या पाण्यानं बसली आहे. तुमची काळी तडकली. भेगात हात जाते. आधी थ्या भेगा पितीन, मंग पऱ्हाटी."

"म्हने भेगा पितीन! पाट मांडून जेवाले बसल्या का त्या?"

"एक मोट सोडून पाहा, कुठवर जाते."

"पाहात बसलो त दिवस जाईन."

भांडलं तर तो बैल सोडून नेईल आणि तिचीही मोट बंद पडेल. दुपारपर्यंत, असं बजावून ती फावडं घेऊन पाण्याच्या दांडावर उभी राहिली. पाणी तिच्या मळ्याच्या कडेनं वाहत त्याच्या शेतापर्यंत गेलं आणि तिथं जमिनीत गुडगुडत उतरू लागलं. पहिलं झाडही भिजेना.

"किती वाफे झाले?" विहिरीवरून हाक आली.

"एकबी नाई!"

"काहून? दांड फुटला का?"

"दांड चांगला आहे!"

"मंग पाणी गेलं कुठं?"

"सकाळी सांगतलं, थिथं!"

दुपारी मोट तळाला लागली, अर्धीच भरून येऊ लागली. खुशालराव शेतात येऊन वाकून भेगा पाहू लागला.

"भेगा बुजत आल्या, वयनी. थोडं अजून टाकलं का पाणी सरसर पुढं जाईन."

हे खरं होतं, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली. हे 'थोडं अजून' त्यानं सकाळी हिशेबात धरलंच नव्हतं. आता विहिरीत उरलं होतं ते तिचं.

"उद्या टाका. उद्या तुमचा दिवस."

"उद्यापर्यंत पुन्हा सुकन!"

"सुकू द्या. बैल हाका."

"अन् नाई हाकले त?"

"त तुमचा दांड माह्या मळ्यातून जाते. थो बुजवीन."

तो पुटपुटत बैलांच्या धावेवर गेला. अर्ध्या अर्ध्या मोटांचं गढूळ पाणी मिरचीच्या मधल्या वाफ्यापर्यंत पोचलं आणि संपलं. कोरड्या वाफ्यांत शिरून पार्बताबाई फुलं खुडू लागली. फुलांचा भार उतरला तर झाडं तरी तगतील.

"चांगली फुलं काहून तोडून राहिली?" खुशालरावनं विचारलं.

"तुमच्या भेगाईले वाहाले," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली.