तिसऱ्या मात्रेला उशीर

फ्लॉपी ड्राइव्हने तिसऱ्यांदा कुरकुर केली आणि घसा साफ केल्यासारखा आवाज काढून एकदाची ती चकती वाचायला घेतली. धाकटीने रोखून धरलेला श्वास सोडला. लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक पाच नावं उमटली: नवे, मुलं, आजोबा, सराईत, पडला.

"दिसल्या बाई एकदाच्या," ती म्हणाली. "ताई, तुझ्या फाइली जिवंत आहेत."

खिडकीजवळच्या खुर्चीत ताईने मान हलवली. तिचा डावा हात मांडीवरच्या उशीवर होता, कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा. चार महिन्यांपूर्वीच्या झटक्यानंतर पाय बराचसा परत आला होता. बोलणं एका वेळी एका शब्दापुरतं आलं होतं. हात मात्र आला नव्हता.

ताई बावीस वर्षं स्केटिंग रिंकवर कीबोर्ड वाजवत होती. हॉलच्या एका टोकाला, अकरा पायऱ्या वर, काचेची खोली होती. तिथे बसून ती वाजवायची आणि खाली माणसं चाकांच्या बुटांवर गोल गोल फिरायची. धाकटी संगीतशाळेत चेलो शिकवायची. एक मुलगी वाद्य वाजवते आणि दुसरी बटणं दाबते, असं त्यांचे काका चारचौघांत म्हणायचे. त्यावर सगळे हसायचे, ताईसुद्धा. धाकटी जरा जास्तच वेळ हसायची.

आता रिंकच्या मॅनेजरचा फोन आला होता. स्पीकरवर गाणी लावून बघितली, पण रविवारच्या नवशिक्यांच्या तासाला काही जमत नाही, लोक अडखळतात. तर ताईंच्या कीबोर्डमधलं जे काही असेल ते आमच्या कॉम्प्युटरवर चालेल असं करून द्याल का? धाकटीने तासाभराचं काम म्हणून हो म्हटलं होतं.

काम तसं सोपंच होतं. त्या फाइलींत गाणं नव्हतं, नुसती साथ होती. ढोल, बास, गिटार आणि मागे लांब सूर धरणारी व्हायोलिनं, सगळी एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच जुडीवर, चार चार आवर्तनं वाजवून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी. वाजवणारा डाव्या हाताने दुसरी कॉर्ड दाखवतो तेव्हा हा सगळा ताफा त्याच्या मागोमाग तिकडे वळतो. फाइलीतल्या फक्त ताईच्या कीबोर्डला कळणाऱ्या सूचना काढून टाकायच्या आणि उरलेलं कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येईल अशा मिडी फाइलीत उतरवायचं, एवढंच. त्यासाठी फुकटचा प्रोग्रॅमही मिळाला होता.

पहिली फाइल उतरली. पडद्यावर उभ्या रेषांच्या जाळीत ढोलाचे ठोके छोट्या चौकोनांसारखे पसरले. धाकटी पुढे वाकली. काही ठोके रेषांवर नव्हते, जरा उजवीकडे सरकलेले होते.

"हे तू हाताने वाजवून भरलंयस?"

"हो," ताई म्हणाली.

म्हणजे कंपनीचे तयार ठेके नव्हतेच. धाकटीला बहिणीची कीव आली. एवढी वर्षं वाजवूनही ताल कच्चाच राहिला. तिने सगळे ठोके निवडले आणि एक बटण दाबलं. चौकोन टकाटक रेषांवर जाऊन बसले, शाळेच्या मैदानावर मुलं रांगेत उभी राहावीत तसे. ताईचा चष्मा टेबलावर होता. तिला तिथून पडद्यावरचं काही दिसणं शक्य नव्हतं. बहिणीची लाज राखल्याचं समाधान तेवढं धाकटीला वाटलं.

कॉर्डचा क्रम ताईकडून विचारून घेतला, त्याप्रमाणे तुकडे एकापुढे एक जोडले, आणि रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन रिंकवर गेली.

काचेच्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. खुर्ची बुटकी होती, पण तिच्यावर बसलं की सगळी फरशी ताटात वाढल्यासारखी समोर दिसायची. खाली वीसएक माणसं कठड्याला धरून उभी होती. त्यांत शाळकरी मुलं होती, एक तरुण जोडपं होतं, पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, आणि पोट सांभाळत उभे असलेले एक न्हावी होते. शिकवणारी मुलगी रांगेच्या पुढे उलटी चालत होती. धाकटीने फाइल चालू केली. ठेका स्वच्छ वाजला, रेषेत, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

पहिल्या फेरीतच रांग विस्कटली. न्हावी पुढच्याच्या पाठीवर आदळले. दुसऱ्या फेरीत पोस्टातल्या बाईंचा पाय हवेत राहिला आणि ठेका त्याच्या आधीच खाली आला. बाई कोपरावर पडल्या. धाकटी काचेला हात टेकून उभी राहिली. खाली लोक धावले, आणि वर संगीत कुणाचं काही न पाहता तसंच वाजत राहिलं. ते बंद करायचं तिला पुष्कळ उशिरा सुचलं.

बाई बाकावर बसून कोपरावर बर्फ धरून होत्या. हाड शाबूत होतं.

"चाल तीच आहे हो," त्या धाकटीला म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. "पण ताईंच्या वेळी पाय आपोआप पडायचा. आज मला प्रत्येक पाऊल मोजावं लागत होतं."

मॅनेजर जिन्यापर्यंत सोडायला आला. तो जुन्या नोंदींचं रजिस्टर चाळून बघत होता म्हणे. "मॅडम, ताईंच्या तासाला कुणी पडलं, असं वर्षातून दोनदा-तीनदा लिहिलेलं सापडतं. गेल्या चार महिन्यांत सतरा वेळा. मला वाटायचं, नशीब."

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटल्यावर धाकटी थेट ताईकडे गेली. मूळ फाइल पुन्हा उघडली आणि या वेळी चौकोनांना हात न लावता त्यांच्यावर एकेक करून बोट ठेवत गेली. कॉम्प्युटर प्रत्येक मात्रेचे चारशे ऐंशी बारीक तुकडे करून मोजतो. 'नवे' फाइलीत पहिली मात्रा रेषेवर होती, दुसरीही. तिसरी बावीस तुकडे उशिरा. चौथी परत रेषेवर. पुढच्या आवर्तनात तिसरी तेवीस तुकडे उशिरा. मग बावीस. मग एकवीस. फाइलीत ठेक्याचे चार भाग होते; त्यांतली सोळाही आवर्तनं तिने तपासली. कच्चा ताल असा नसतो. तो आज पुढे पळतो, उद्या मागे राहतो. इथे सोळाच्या सोळा वेळा तिसऱ्याच मात्रेला उशीर होता, आणि तोही तेवढाच.

तिने 'मुलं' उघडली. अकरा तुकडे. 'आजोबा' उघडली. चौतीस.

मग तिने 'सराईत' उघडली. सगळे ठोके रेषेवर होते. एकही चौकोन तसूभर हललेला नव्हता.

धाकटी मागे टेकून बसली. इतकं सरळ तिच्या शाळेत कुणाला वाजवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही येत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली. "तिसरी मात्रा मागे का?"

ताईने उजवा हात पुढे केला आणि दोन बोटं टेबलावर उभी केली. ती बोटं चालायला लागली. एक पाऊल. दुसरं पाऊल. मग एक बोट उचललं गेलं, हवेत क्षणभर लटकलं, किंचित थरथरलं, आणि टेकलं. परत एक, दोन, आणि तो लटकलेला क्षण. धाकटी बघत राहिली. ज्याला चाकांची सवय नाही त्याचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं, ती ही जागा होती. ताई तिथे थांबत होती. मुलांसाठी कमी आणि म्हाताऱ्यांसाठी जास्त.

"आणि ही? 'पडला'?"

तिने फाइल चालू केली. 'नवे'चाच ठेका होता, पण दर आवर्तनाला ढोलाचे काही ठोके गळत गेले, उरलेले कणाकणाने मागे सरकले, आणि बास खाली उतरत गेला. कुठेही काही बदललं असं कानाला वाटत नव्हतं. चार आवर्तनं संपली तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की तिचा स्वतःचा श्वास संथ झालाय.

"कुणी पडलं की लावायचीस? मागून येणाऱ्यांचा वेग कमी व्हावा म्हणून?"

ताईने मान जोरात हलवली. तिची बोटं पुन्हा टेबलावर चालली, एक बोट डगमगलं, कलायला लागलं.

"आधी," ताई म्हणाली.

"पडायच्या आधी? वरून तुला कळायचं?"

ताईने खांदा उडवला. एकच उडाला. आभाळ बघून छत्री घेतो, त्यात काय एवढं, अशा चेहऱ्याने ती खिडकीबाहेर बघायला लागली.

धाकटीने 'पडला' पुन्हा पहिल्यापासून लावली. बावीस वर्षं दर रविवारी वीस-वीस माणसं ताईच्या डाव्या हाताच्या आधाराने फिरली होती, आणि घरी जाताना त्यांतल्या कुणालाही आपल्याला कुणी धरलं होतं याचा पत्ता नव्हता. घरच्यांनाही नव्हता. चेलो शिकवताना ती मुलांना सांगत आली होती की ऐकणाऱ्याचा विचार करा. तिने स्वतः कधी ऐकणाऱ्याच्या पावलाचा विचार केला नव्हता.

"मी ते सरळ केलं होतं गं," ती शेवटी म्हणाली. "बटण दाबून. बाई माझ्यामुळे पडल्या."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशीच, जराशी लागेल अशी.

नुसतं संगीत फाइलीत घालून उपयोग नव्हता, हे आता उघड होतं. बघणारं माणूस हवं होतं. पण माणसाला डावा हात नव्हता, आणि मूळ यंत्र डाव्या हाताशिवाय जागचं हलत नव्हतं. धाकटीने पुढचे तीन आठवडे शाळा सुटल्यावरची प्रत्येक संध्याकाळ ताईच्या टेबलाशी काढली. पाचही फाइली पुन्हा मिडीत उतरवल्या, एकही चौकोन न हलवता. ताई वापरायची त्या चार कॉर्ड प्रत्येक ठेक्यासाठी वेगळ्या वाजवून त्यांचे तुकडे पाडले. मग दोन सप्तकांचा एक छोटा कीबोर्ड लॅपटॉपला जोडला आणि एकेका पट्टीवर एकेक तुकडा बसवला, म्हणजे एका बोटाने पट्टी दाबली की पूर्ण ताफा त्या कॉर्डवर यावा. सगळ्यात उजवीकडची पट्टी 'पडला'साठी ठेवली. ताई चुकलं की "नाही" म्हणायची आणि जमलं की काहीच म्हणायची नाही. एकेका दिवशी शंभर वेळा "नाही" झालं. धाकटी एकदा वैतागून म्हणाली, "माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढा छळत नाही." त्यावर ताई तोंडाच्या चांगल्या बाजूने हसली.

चौथ्या रविवारी मॅनेजर आणि न्हावी, दोघांनी मिळून ताईला खुर्चीसकट अकरा पायऱ्या वर नेलं. पोस्टातल्या बाई कोपराला पट्टा बांधून आल्या होत्या. ताई काचेशी बसली, चष्मा लावला, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. आणि वाजवायचं सोडून धाकटीकडे वळून तिने बोटाने खाली दाखवलं.

"मी? मला येत नाही. मी जन्मात चाकांवर उभी राहिलेली नाही."

बोट खालीच होतं.

भाड्याच्या बुटांच्या नाड्या धाकटीने दोन-दोन गाठी मारून बांधल्या. रांगेत तिला न्हाव्यांच्या मागे जागा मिळाली. कठडा घट्ट धरून ती उभी राहिली. मग वरून ठेका सुरू झाला.

तिला तो पाठ होता. प्रत्येक ठोक्याचा आकडा तिला ठाऊक होता. तरीही पहिल्या फेरीच्या मध्यावर ती मोजायची विसरली. पाय उचलला, आणि खाली जमीन नाही हे कळायच्या आत ठोका आला, नेमका पायाखाली, कुणी पाट सरकवून द्यावा तसा. पुढचाही आला. पलीकडच्या वळणावर कठडा संपून मोकळी जागा होती, आणि ती जागा मागे पडल्यावर तिला कळलं की आपण ती ओलांडून आलो. न्हाव्यांची रुंद पाठ पुढे डुलत होती. मागे कुणीतरी हसत होतं. वीस माणसांचे पाय एकाच वेळी फरशीला लागत होते आणि त्यांच्या चाकांचा एकच एक लांब आवाज हॉलभर फिरत होता. धाकटीचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे आहेत हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तास संपला. कुणीही पडलं नव्हतं. मॅनेजरने रजिस्टर उघडलंच नाही.

बूट हातात घेऊन, मोज्यांवरच, धाकटी अकरा पायऱ्या धावत चढली. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"ताई, पाहिलंस? पहिल्यांदा उभी राहिले, अख्खा तास फिरले, आणि एकदाही पडले नाही!"

ताई अजून खाली बघत होती. फरशीवर पुढच्या तासाची माणसं जमायला लागली होती. तिने नजर न हलवता सगळ्यात उजवीकडच्या पट्टीवर बोट टेकवलं, मग दोन बोटं वर केली.

"दोनदा," ती म्हणाली.