हिरवा ठिपका

रेवतीने बुटाच्या टोकाने दार ढकललं आणि तोंड फिरवलं. भांडं काठोकाठ तुंबलं होतं. भिंतीवर पिवळे ओघळ, कोपऱ्यात वर्तमानपत्राचे बोळे, त्यांवर माश्यांचा थर. वास नाकात न थांबता थेट जिभेवर आला. कडीच्या जागी नुसती दोन भोकं होती.

ती मागे सरली. तिने हातातल्या टॅबवर पुन्हा पाहिलं. बायकांच्या या संडासावर टवटवीत हिरवा ठिपका होता. कडी आहे. दिवा आहे. पाणी आहे. नोंद करणारी, ऋतिका.

पार्ल्याची रेवती अंधेरीतल्या एका कंपनीत नकाशे बनवायची. सहा महिने दर शनिवारी ती घाटकोपरच्या या डोंगरवस्तीतल्या अभ्यासिकेत येऊन सहा मुलींना तेच काम फुकट शिकवत होती. ऋतिका त्यांतली सगळ्यांत हुशार. म्हणूनच रेवतीला जास्त किळस आली. घाण ती समजू शकत होती, पण हे असं धडधडीत खोटं!

ऋतिका बाहेर भिंतीपाशी उभी होती.

"आत जाऊन पाहिलंस तू?"

"रोज जाते, मॅडम."

"मग हे काय लिहिलंयस? शी! पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगतेय, जे दिसेल तेच नकाशात..."

"हा लाल नाही करायचा."

"का?"

ऋतिकाने उताराकडे मान वळवली. "खाली एक संडास होता ना, दहा खोल्यांचा? गेल्या वर्षी कोणी तरी नकाशात लाल केला. नकाशा पालिकेच्या ऑफिसात गेला. माणसं आली, धोकादायक म्हणून टाळं लावून गेली. नवीन बांधणार होते. परत कोण फिरकलंच नाही. आता अख्ख्या डोंगराला हा एकच. हा पण गेला तर वाट लागेल आमची."

रेवतीने उताराकडे पाहिलं.

गेल्या वर्षी ती कॉलेजच्या मुलांना घेऊन एकाच दिवसासाठी इथे आली होती. स्वतः खाली रस्त्यावरच थांबली होती. त्या दहा खोल्यांच्या संडासापासून एका मुलाचा फोन आला तेव्हा म्हणाली होती, "वास येतोय ना? मग लाल कर आणि पुढे चल." तोच ठिपका तिने वांद्र्याच्या एका सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवला होता. टाळ्या पडल्या होत्या. नंतर जेवण होतं, बासुंदी तिने दोनदा घेतली होती. ती दाट, कोमट गोडी आत्ता तिच्या तोंडात उमटली.

दाराबाहेर एव्हाना आठ-दहा बायका रांगेत होत्या. सगळ्यांत पुढे शेजारच्या गल्लीतल्या शांताबाई, हातात पाण्याची बादली.

"ही कोण गो, ऋतिका?"

"आमच्या मॅडम. नकाशा शिकवतात."

शांताबाईंनी लगेच बादली बाजूला घेऊन रेवतीला पुढे वाट करून दिली. "मगे तेंका आदी जावंदे. लांबसून इले आसत."

जावं लागू नये म्हणून रेवती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. तरी आता तिला खरंच जायचं होतं. तिने नकारार्थी मान हलवली. ठिपक्याला हात न लावता टॅब ऋतिकाकडे दिला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. ऋतिकाही मागोमाग आली.

बराच वेळ गेला. पुढच्या बाईच्या बादलीवर माश्या बसत होत्या, उठत होत्या.

"ऋतिका, खालचा तो ठिपका... मी लावायला सांगितला होता."

"माहितीये."

रेवतीने वळून पाहिलं.

"नकाशाच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव असतं ना. पहिल्याच शनिवारी तुम्हीच शिकवलंत बघायला." ऋतिकाचा आवाज जराही चढला नव्हता. "तेव्हापासून वाट बघतेय, खालच्याचं काय झालं ते तुम्ही कधी विचारता."

आतून बादली आपटल्याचा आवाज आला. एक बाई पदराने तोंड पुसत बाहेर पडली.

"सरका पुढे, मॅडम," ऋतिका म्हणाली.